अवतरणाच्या दोन सीमा

विद्यार्थिमित्रांनो, या अंकासाठी लेख देताना तुमच्यापैकी बहुतेकांनी कोणाचे ना कोणाचे शब्द उद्धृत केले आहेत. कोणी आजोबांची आठवण दिली आहे, कोणी पुस्तकातील उतारा, तर कोणी वर्तमानपत्रातील बातमी. ते सर्व लेख तपाशीत असता मला आपल्याच वार्षिकातील एक जुनी चूक आठवली. चूक माझी होती. तेव्हा ती सांगण्याचा अधिकारही मलाच आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थ्याने आपल्या आजीची एक आठवण लिहून दिली. आजी मूळच्या पुण्याच्या, नारायण पेठेतील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे राहते घर त्या दिवशी गेले. पुढे मामांच्या आश्रयाने त्या बेळगावास आल्या आणि येथल्याच झाल्या. नातवाने आजीचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवून घेतले होते, निदान माझी तशी समजूत होती. दाराशी आलेले पाणी, चुलीपाशी बसलेली आई, उंबऱ्यावरून तरंगत बाहेर निघून गेलेली कळशी, शेजाऱ्यांच्या माडीवर काढलेली रात्र. शेवटी त्याने स्वतःचे म्हणून एक वाक्य जोडले होते, ‘‘खरे सांगायचे तर मला मोठी गंमत वाटली.’’ त्याला गंमत वाटली ती गोष्ट ऐकताना, विशेषतः त्या कळशीची. तेरा वर्षांच्या मुलाला ती वाटावी यात काही नवल नाही.

अंक छापून आला तेव्हा ते वाक्य आजींच्या तोंडी गेलेले होते. आरंभापासून अखेरपर्यंत एकच सलग उतारा, आणि त्याचा शेवट असा, की जणू पुरात सापडलेल्या त्या मुलीलाच पुराची गंमत वाटली होती!

आठ दिवसांनी आजी अंक घेऊन शाळेत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. चष्मा लावून त्यांनी ते वाक्य बोटाने दाखविले आणि म्हणाल्या, ‘‘सर, आमच्या शेजारच्या काकू त्या पाण्यात गेल्या. मला गंमत वाटली असे मी कधी म्हटले?’’

मजजवळ उत्तर नव्हते. मुद्रिते मी स्वतः दोनदा वाचली होती. दोन्ही वेळा ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेले, पण मनात शंका आली नाही. असे का व्हावे याचा विचार करता मला आपल्या भाषेचीच एक खुबी आढळली. मराठीत ‘मी घाबरलो’ की ‘मी घाबरले’ एवढ्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. नातवाने ‘मी हसलो’ असे लिहिले असते, तर आजींच्या उताऱ्यात तो ‘हसलो’ खड्यासारखा लागला असता. परंतु ‘मला गंमत वाटली’ या वाक्यातील क्रियापद चालते ते ‘गंमत’ या नामाप्रमाणे. बोलणाऱ्याचा त्यात मागमूसही राहत नाही. हे वाक्य आजीचे म्हणून जितके शोभते, तितकेच नातवाचे म्हणूनही शोभते. ते कोणाचे हे ठरविणारी एकच गोष्ट होती : आजीचे शब्द कोठे संपले, याची खूण. आणि नेमकी तीच खूण पुसली गेली होती. ती कशी, हे पुढे सांगेन. त्यापूर्वी ही खूण मुळात कशी असते ते पाहू.

दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यात आणावयाचे, म्हणजे त्याला दोन सीमा घालाव्या लागतात. एक आरंभाची, दुसरी शेवटाची. पैकी एकही पुसट झाली की शब्द या शेतातून त्या शेतात जातात. एक साधे वाक्य घ्या :

बंडू म्हणाला नाना विसराळू आहे.

यात विसराळू कोण? बंडू म्हणाला, ‘‘नाना विसराळू आहे,’’ असे वाचले तर नाना. ‘‘बंडू,’’ म्हणाला नाना, ‘‘विसराळू आहे,’’ असे वाचले तर बंडू. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. खुणा मात्र हलल्या आणि दोष एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेला.

बोलताना आपण स्वर बदलतो, क्षणभर थांबतो, प्रसंगी त्या माणसाची नक्कलही करतो. कागदावर यातले काही उतरत नाही. म्हणून भाषेनेच या कामी काही शब्द नेमून दिले आहेत. संस्कृतात ‘इति’ आहे. तो उद्धृत वचनाच्या शेवटी येतो आणि येथवर दुसऱ्याचे शब्द होते असे सांगतो. टीकाकार मूळ ग्रंथातील चार शब्द घेऊन पुढे ‘इति’ लिहितात आणि मग आपले विवरण सुरू करतात. मराठीत तेच काम ‘म्हणून’ करतो. ‘उद्या येतो म्हणून सांगून गेला’ या वाक्यात ‘उद्या येतो’ हे जाणाऱ्याचे शब्द. ‘म्हणून’ने त्यांना कुंपण घातले. आपल्या गावात जे कानडी आपण रोज ऐकतो, त्यात ‘एंदु’ किंवा बोलण्यातला ‘अंत’ याच जागी, म्हणजे बोलण्याच्या शेवटी येतो. तेलुगूत ‘अनि’ आहे. हैदराबादेकडील दखनी बोलणारी मंडळी ‘बोलके’ असे म्हणतात, तेही शेवटीच. दक्षिणेतील या साऱ्या शेजारणींनी एकमेकींपासून ही लकब घेतलेली दिसते.

आता यात एक मौज अशी की ‘इति’ काय किंवा ‘म्हणून’ काय, शेवट दाखवितात, आरंभ नाही. आरंभ ऐकणाऱ्याने ताडावयाचा. याउलट ‘की’ हा फारसीतून आलेला शब्द. ‘तो म्हणाला की’ एवढे लिहिले म्हणजे पुढे त्याचे बोलणे सुरू झाले हे निश्चित. पण ते संपले कोठे, याविषयी ‘की’ मौन बाळगतो. एका शब्दाने दार उघडावे आणि दुसऱ्याने लावावे, असा हा प्रकार आहे.

पेशवेकालीन कारकुनांनी ही गोष्ट बरोबर हेरली होती. त्या काळची सनदापत्रे मोडीत लिहिलेली. मोडीच्या त्या वळणात शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, विरामचिन्हे नाहीत, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेखणी धावत जाते. तरीदेखील कोण काय म्हणाला याविषयी त्यांत सहसा घोटाळा होत नाही. कारण त्यांची ठरलेली घडण. अमक्याने हुजूर येऊन विनंती केली ‘की’, असा आरंभ. मग त्या माणसाचे सगळे म्हणणे. आणि अखेरीस ‘म्हणोन’. त्यापुढे ‘त्याजवरून’ असे म्हणून सरकारचा निर्णय. आलेल्या पत्रास उत्तर लिहितानाही अशीच पद्धत. समोरच्याचा मजकूर पुन्हा मांडावयाचा, ‘म्हणोन लिहिले’ असे म्हणून तो बंद करावयाचा, आणि ‘त्यास’ असे म्हणून आपले उत्तर सुरू करावयाचे. ‘की’ आणि ‘म्हणोन’ या दोन खुंट्यांच्या मध्ये दुसऱ्याचा मजकूर बांधून ठेवलेला असे. ज्या जमिनीच्या वादात साक्षीदाराचे एक वाक्य इकडचे तिकडे झाले असता वतन जावयाचे, तेथे ही काळजी घेतली जाणे साहजिकच होते.

आज आपण जी अवतरणचिन्हे वापरतो, ती इतर विरामचिन्हांबरोबर इंग्रजी अमदानीत आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात ज्यांचा वाटा होता, त्या मेजर टॉमस कँडी यांनी मराठी गद्यात ही चिन्हे रुजविली. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे. शाळेत तुम्ही शिकता ते नियम थोडक्यात असे. बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यावयाचे असतील तर दुहेरी चिन्ह. एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असेल किंवा अवतरणाच्या पोटात दुसरे अवतरण येत असेल तर एकेरी. मधला भाग गाळला तर तेथे तीन टिंबे. अर्थ स्पष्ट करण्यासाठी आपला एखादा शब्द घालावा लागला तर तो चौकोनी कंसात, म्हणजे तो मूळ लेखकाचा नव्हे हे कळेल. उतारा अनेक परिच्छेदांचा असेल तर छपाईत एक चमत्कारिक वाटणारा रिवाज आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी उघडणारे चिन्ह द्यावयाचे, पण बंद करणारे चिन्ह फक्त अगदी शेवटच्या परिच्छेदाअखेर. पुष्कळ विद्यार्थी हे पाहून मुद्रकाची चूक समजतात. ती चूक नव्हे. दुसऱ्याचे बोलणे अजून चालू आहे, याची ती वरचेवर दिलेली आठवण आहे.

या रिवाजाचे मूळ फार जुने आहे. ग्रीक हस्तलिखितांच्या समासात ओळीशेजारी > अशा आकाराचे एक चिन्ह काढीत. त्याचे नाव दिप्ले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील अरिस्टार्कस या पंडिताने होमरच्या काव्यातील लक्षात घेण्याजोग्या ओळी दाखविण्यासाठी ते वापरले. पुढे ख्रिस्ती लेखकांच्या ग्रंथांत धर्मग्रंथातील वचने ओळखू यावीत म्हणून लेखनिक ते समासात घालीत. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने तसे नमूद करून ठेवले आहे. म्हणजे अवतरणचिन्ह जन्मले ते ओळीच्या आत नव्हे, ओळीच्या बाहेर. छापखाने आल्यावरही बराच काळ, अगदी अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांतही, उताऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी अवतरणचिन्ह छापलेले आढळते. पुढे ते ओळींवरून सुटले आणि केवळ परिच्छेदांच्या आरंभी उरले.

आणि आता तेच > चिन्ह तुमच्या संगणकाच्या पडद्यावर पुन्हा अवतरले आहे. त्या ग्रीक समासातून ते सरळ चालत आले असे मात्र समजू नका. कळफलकावर ते आले गणितातून. ‘पेक्षा मोठे’ या अर्थी ते टॉमस हॅरियटच्या १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिसते. परंतु संगणकावरून पत्रे लिहिणाऱ्यांना जेव्हा समोरच्याचा मजकूर पुन्हा देऊन त्याखाली उत्तर लिहिण्याची गरज भासली, तेव्हा त्यांनी प्रत्येक जुन्या ओळीच्या आरंभी हेच चिन्ह घातले. गरज तीच, आणि हाताशी आकारही तोच! आमच्या पेशवेकालीन कारकुनाला हे पाहून मुळीच आश्चर्य वाटले नसते.

२००४ साली जॉन ग्रुबर यांनी ‘मार्कडाउन’ नावाची एक सोपी लेखनपद्धती प्रसिद्ध केली. तिचा हेतू असा की साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर वाचतानाही सुबोध असावा, आणि यंत्राकडे दिल्यावर त्याची नीट मांडणीही व्हावी. पत्रांतील > हे चिन्ह त्यांनी या पद्धतीत घेतले. ओळीच्या आरंभी > आणि त्यापुढे एक मोकळी जागा सोडून मजकूर लिहिला, की यंत्र तो भाग समास वाढवून, निराळा उतारा म्हणून मांडते. उताऱ्यात आणखी कोणाचा उतारा असेल तर > > अशी दोन चिन्हे. आपल्या वार्षिकाचे लेख मी याच पद्धतीने मागवितो, कारण तिला कोणतेही महागडे साधन लागत नाही. मोबाईलवर लिहिणाऱ्या मुलालाही ती जमते.

आता आठवीतल्या त्या विद्यार्थ्याने काय लिहिले होते ते पाहा. लेखाचा शेवट असा होता :

> पाणी दाराशी आले तेव्हा आई चुलीपाशी होती.
> कळशी उंबऱ्यावरून तरंगत बाहेर गेली.
खरे सांगायचे तर मला मोठी गंमत वाटली.

तिसऱ्या ओळीपुढे चिन्ह नाही. मुलाच्या दृष्टीने गोष्ट स्पष्ट होती : चिन्ह आहे ते आजीचे, चिन्ह नाही ते माझे. डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसालाही ते स्पष्ट आहे. परंतु या पद्धतीत आळशी लेखकासाठी एक सवलत ठेवलेली आहे. परिच्छेदाच्या केवळ पहिल्या ओळीपुढे > लिहिले तरी चालते. मधे रिकामी ओळ आली नाही, तर पुढच्या ओळी त्याच परिच्छेदाच्या, म्हणून त्याच उताऱ्याच्या समजल्या जातात. म्हणजे येथे उताऱ्याचा शेवट चिन्ह नसल्याने होत नाही. तो होतो रिकाम्या ओळीने. यंत्राने नियमाप्रमाणे तिन्ही ओळी एकत्र केल्या, एका सलग परिच्छेदात बसविल्या, आणि नातवाचे वाक्य आजीला देऊन टाकले. सवलत कष्ट वाचविण्यासाठी होती. मुलाने तर कष्ट घेऊन प्रत्येक ओळीपुढे चिन्ह घातले होते. त्याचा काहीच दोष नव्हता. मी मात्र मूळ प्रत आणि मुद्रित शेजारी ठेवून वाचावयास हवे होते. मी नुसते मुद्रित वाचले.

तेव्हा > या चिन्हाची जात ‘की’ची आहे हे ध्यानात ठेवा. ते दार उघडते. लावण्याचे काम रिकाम्या ओळीचे. ती या पद्धतीतील ‘म्हणून’ आहे. उतारा संपला की एक ओळ संपूर्ण मोकळी सोडा, आणि मगच आपले वाक्य सुरू करा. उताऱ्यात एकाहून अधिक परिच्छेद असतील तर मात्र त्यांच्यामधील रिकाम्या ओळीपुढेही > लिहा. नाही तर काही यंत्रे एकाच माणसाच्या बोलण्याचे दोन तुकडे करून दोन निराळे उतारे मांडतात. अंधुक समजुतीने हे दोन नियम उलटसुलट होतात, म्हणून एकदा हाताने लिहून पाहावेत.

कविता उद्धृत करताना आणखी एक अडचण येते. गद्याच्या ओळी यंत्राने जोडल्या तरी बिघडत नाही. ओवीचे किंवा अभंगाचे चरण जोडले तर पद्याचे गद्य होते. यावर उपाय असा की प्रत्येक चरणाच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडावयाच्या. मग यंत्र तेथे ओळ तोडते. या मोकळ्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि नेमक्या त्यामुळेच विसरल्या जातात. गेल्या वर्षी एका मुलीने दिलेल्या चार ओव्यांचा असाच एक लांबलचक परिच्छेद झाला होता. सुदैवाने तिने स्वतःच तो मुद्रितात पाहिला.

ज्यांना याहून काटेकोर पद्धत हवी, त्यांच्यासाठी एचटीएमएल आहे. टिम बर्नर्स-ली यांनी रचलेल्या या भाषेत कोनाकृती कंसांत ‘ब्लॉककोट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून उतारा सुरू करतात, आणि तोच शब्द तिरप्या रेघेसह पुन्हा लिहून तो बंद करतात. दोन्ही सीमा उघड, दोन्ही स्वतंत्र. ‘की’ आणि ‘म्हणोन’ यांची ही जोडीच म्हणा ना. वाक्याच्या ओघात येणाऱ्या लहान अवतरणासाठी १९९७ सालच्या सुधारित नियमांत ‘क्यू’ या एका अक्षराची खूण आली. तिच्याबाबतीत एवढेच सांगतो की ती वापरल्यास अवतरणचिन्हे आपण लिहू नयेत. ती घालणे यंत्राचे काम. दोघांनीही घातली तर एका वाक्याला चार टोप्या चढतात.

मोठा उतारा समास वाढवून वेगळा काढला असता त्याला पुन्हा अवतरणचिन्हे द्यावीत का, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. माझ्या मते देऊ नयेत. समास हीच तेथे खूण आहे. दोन खुणा एकत्र आल्या की वाचक उताऱ्यातील एखादे पात्र बोलते आहे की काय अशा शंकेत पडतो. पण उताऱ्याखाली ज्याचे शब्द आहेत त्याचे नाव मात्र अवश्य द्यावे. तुकारामांच्या अभंगात अखेरीस नाव गुंफलेले असते ते काही उगाच नाही. आणि एवढे असूनही दुसऱ्यांच्या रचना संतांच्या नावावर खपल्याच, हेही खरे.

आजींचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दुसऱ्या वर्षीच्या अंकात शुद्धिपत्राची एक ओळ देऊन भागले असते. पण ज्यांनी पहिला अंक वाचला ते शुद्धिपत्र वाचतीलच असा भरवसा नव्हता. म्हणून तो सारा लेख पुन्हा छापावयाचे ठरले. विद्यार्थ्याने तो नव्याने लिहिला. आजीचा उतारा, मग एक रिकामी ओळ, मग ‘आजीची ही आठवण ऐकताना’ असा आरंभ करून स्वतःचे वाक्य. या वेळी मी मुद्रित घेऊन त्याच्यासह आजींच्या घरी गेलो आणि त्यांना ते पहिल्यापासून वाचून दाखविले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटचे वाक्य त्यांनी शांतपणे ऐकले, नातवाकडे पाहून थोड्या हसल्या, आणि मला म्हणाल्या, ‘‘आता बरोबर आहे. फक्त एक. ती कळशी नव्हती. घागर होती, पितळेची. मी घागरच म्हटले होते.’’

नातवाने खाली मान घातली. कळशी हा शब्द त्याला लिहिताना बरा वाटला होता. मी खिशातून पेन काढून मुद्रितावर ‘कळशी’ खोडली आणि समासात ‘घागर’ असे लिहिले.